मोडलेलं चालेल, हरवलेलं नको : युद्धापूर्वीची आलिशान सेडान विकत घेताना

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यामागच्या गोठ्यात मी १९३७ ची पॅकार्ड वन-ट्वेंटी ही अमेरिकन सेडान पाहिली होती. इंजिन बाहेर काढून खोललेलं, चाकं विटांवर, सीटमध्ये उंदरांनी केलेली बिळं. माझ्याआधी चार-पाच जण बघून परत गेले होते. पण गोठ्याच्या भिंतीला बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचून ठेवले होते. प्रत्येक डब्यावर जुन्या ड्रायव्हरकाकांच्या अक्षरात कागद चिकटवलेला: ‘डावा पुढचा दरवाजा’, ‘डॅशबोर्डचे काटे’, ‘मागचा बंपर, बोल्ट’. लाल षटकोन असलेल्या चारही हबकॅप वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. ती गाडी आज रस्त्यावर आहे.

त्याच वर्षी मुंबईजवळ दुसरी एक पॅकार्ड पाहिली. रंग चकचकीत, बटण दाबताच सुरू होणारी. तिचे हेडलाइट जीपचे होते, डॅशबोर्डवर कुठल्याशा ट्रकचे मीटर होते, पुढची जाळी हाताने ठोकून केलेली होती आणि बोनेटवरचं चिन्ह नव्हतं. घेणाऱ्याने ती चालू आहे म्हणून घेतली. मूळ भाग तो अजून शोधतो आहे.

नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच पहिल्या दिवशी सांगतो, की मोडलेलं दुरुस्त होतं, हरवलेलं मिळत नाही. पुढच्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी काळ आणि घराणं ओळखा

दुसऱ्या महायुद्धापूर्वीची म्हणजे ब्रिटनमध्ये साधारण १९३९ पर्यंतची आणि अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पर्यंतची गाडी. त्या महिन्यात अमेरिकेतलं नागरी मोटारींचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे सगळ्याच जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात, पण जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’च्या वर्गवारीत १९१९ ते १९३० म्हणजे व्हिंटेज आणि १९३१ ते १९४५ म्हणजे पोस्ट-व्हिंटेज. आपल्या आरटीओचा ‘व्हिंटेज’ आणखी वेगळा, तो पुढे येईलच. विकणारा हा शब्द वापरतो तेव्हा त्याला वर्ष विचारा.

एकाच कंपनीतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. पॅकार्डने मंदीच्या काळात, १९३५ साली, वन-ट्वेंटी आणली. १२० इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), एका रांगेत आठ सिलिंडर, हायड्रॉलिक ब्रेक आणि हजार डॉलरच्या आतून सुरू होणारी किंमत. या गाडीने कंपनी तारली. पण सुपर एट आणि बारा सिलिंडरची ट्वेल्व्ह या ‘सीनियर’ पॅकार्ड वेगळ्या. अमेरिकेतला क्लासिक कार क्लब सीनियर गाड्यांना ‘फुल क्लासिक’ मानतो, वन-ट्वेंटीला काही खास बॉडी वगळता मानत नाही. किमतीत हा फरक स्पष्ट दिसतो. कोणी वन-ट्वेंटी दाखवून सुपर एटचा भाव सांगत असेल, तर तिथेच थांबा. उलट नवख्या माणसाने वन-ट्वेंटीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती चालवायला सोपी आणि समजायलाही सोपी.

ब्युइकचं आपल्याशी नातं जवळचं. ब्युइकची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांमध्ये जकातीची सवलत होती, म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या पुष्कळ ब्युइक अमेरिकेतून न येता कॅनडातल्या ओशावामधून येत. मॅक्लॉघलिन हे नाव दिसलं तर घाबरू नका, ती कॅनडाची ब्युइक आहे. लिमिटेड आणि रोडमास्टर या त्यातल्या मोठ्या.

रोल्स-रॉइसची गोष्ट निराळी. कंपनी फक्त चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा देई. बॉडी हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबरली अशा बॉडीकारांकडून बांधून घ्यायची. म्हणजे २०/२५ मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी एकीचा दरवाजा दुसरीला बसेलच असं नाही. पहिली गाडी म्हणून ही घेऊ नका. घ्यायचीच असेल तर चासी नंबर मिळताच इंग्लंडमधल्या पॉलर्सपरीच्या हंट हाउसला, म्हणजे रोल्स-रॉइसप्रेमींच्या क्लबच्या मुख्यालयाला लिहा. तिथे चासीवार जुनी नोंदपत्रं जपलेली आहेत. गाडी कोणासाठी बांधली, बॉडी कोणाची, हे त्यांतून कळतं.

फोनवर

फोटो मागताना पूर्ण गाडीचा एकच फोटो घेऊन समाधान मानू नका. फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची) पाटी, चासी नंबर, इंजिन नंबर, डॅशबोर्ड, चारही चाकं, डिकीची आतली बाजू आणि दरवाजे उघडे असताना बिजागऱ्यांकडचा भाग, एवढं मागा. विक्रेत्याला नम्रपणे सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गरम इंजिन सहज सुरू होतं. थंड इंजिन खरं बोलतं.

कागद

गाडीच्या आधी कागद बघा. पत्रा, लाकूड, इंजिन यांना उपाय आहे. कागदाला कधी असतो, कधी नसतो.

आरसी बुक कोणाच्या नावावर आहे? या गाड्या बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर राहिलेल्या असतात आणि विकायला निघतो तो एक नातू. बाकीचे हिस्सेदार पुण्यात, मुंबईत, एखादा अमेरिकेत. त्या सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढते, त्यासाठी फॉर्म ३१ लागतो. मग वारस तुम्हाला विकतो, तेव्हा फॉर्म २९ आणि ३०. पुस्तक हरवलं असेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. हे टप्पे विक्रेत्याने पूर्ण करून द्यायचे की तुम्ही, हे किंमत ठरण्याआधी बोला.

मग नंबर जुळवा. पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन जा आणि चासी नंबरची प्रिंट स्वतः काढा. पुस्तकातला नंबर, चासीवरचा ठसा आणि पाटी तिन्ही एक असायला हवं. ठशाच्या आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर गाडी कितीही सुंदर असो, परत या. पॅकार्डच्या फायरवॉलवरच्या पाटीवर वाहन क्रमांकाशिवाय गाडी कोणत्या डीलरने, कोणत्या शहरात, कोणत्या तारखेला दिली हेही कोरलेलं असतं. त्या पाटीवर भारतातलं शहर वाचायला मिळतं तेव्हा मला दर वेळी आनंद होतो. ती पाटी नव्या स्क्रूंनी बसवलेली असेल तर कारण विचारा. ब्युइक आणि कॅडिलॅकवर फिशर किंवा फ्लीटवुड या बॉडीकारांची बॉडी पाटी असते. तिच्यावरून बॉडीची शैली, रंग आणि आतलं कापड यांचे कोड कळतात.

इंजिन नंबर न जुळण्याची शक्यता आपल्याकडे मोठी. पेट्रोल महाग झालं तसं या मोठ्या गाड्यांत पर्किन्सचं डिझेल इंजिन टाकलं गेलं, कुठे जीपचं, कुठे ॲम्बॅसॅडरचं. मूळ इंजिन गेलं असेल तर ती गाडी वेगळ्या भावाची.

आता आरटीओचा व्हिंटेज. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट महत्त्वाची. डिझेल टाकलेली पॅकार्ड इथेच अडते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क, आणि नोंदणी १० वर्षांची. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. संस्थानी काळापासून चालत आलेला नंबर असेल तर तो सोडू नका. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग भारतातून बाहेर न्यायला निर्बंध आहेत. ‘इथे घेऊन तिकडे नेऊ’ हा बेत मनात धरून पैसे गुंतवू नका.

पत्रा आणि लाकूड

बघायला जाताना लोहचुंबक (फडक्यात गुंडाळलेलं, रंग ओरखडू नये म्हणून), टॉर्च, टोचा, जुनी सतरंजी आणि वही न्या. सतरंजी गाडीखाली आडवं होण्यासाठी. गाडीखाली न जाता गाडी घेणाऱ्याला मी सल्ला देत नाही.

लोहचुंबक मडगार्डच्या कडांवर, दरवाजांच्या तळाशी, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्यांतच असते. पण बोटभर जाड असेल तर खाली पत्रा उरलेला नाही.

पण या गाड्यांत पत्र्यापेक्षा लाकूड मोठं प्रकरण आहे. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक बॉड्यांचा सांगाडा लाकडाचा आणि वर पत्रा असे. कोचबिल्ट, म्हणजे बॉडीकारांनी हाताने बांधलेल्या गाड्यांत तर युद्धापर्यंत. इंग्लिश बॉडीत बहुधा ॲशचं लाकूड, आपल्या सुतारांनी दुरुस्त केलेल्या ठिकाणी सागवान. लाकूड कुजलं की बाहेरून कळत नाही, दरवाजा सांगतो. दरवाजा अर्धा उघडा आणि हँडलखाली हात घालून हलकेच उचला. बिजागरीत थोडा खेळ असेल तर नुसता टक् आवाज येतो. पण दरवाज्याबरोबर खांबच हलला तर आतला खांब गेला. मग चटया उचलून खालचं आडवं लाकूड टोच्याने टोचून पाहा. टोचा लोण्यात शिरावा तसा आत जात असेल, तर सगळी बॉडी चासीवरून उतरवून पुन्हा बांधायची तयारी ठेवा. कोकणातली, समुद्राजवळची गाडी असेल तर आधी लाकूड, मग बाकीचं. देशावरच्या कोरड्या हवेतली गाडी कितीही मळकट दिसली तरी आत ठणठणीत निघू शकते.

छपरावरही वरून नजर टाका. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलपासून एकसंध पोलादी छप्पर, ‘टरेट टॉप’, आणलं. त्याआधी छपराच्या मधल्या भागात पट्ट्यांवर ताणलेलं कापड असे, आणि आपल्या पावसात पाणी तिथूनच शिरतं. आतल्या छताच्या कापडावर पिवळे डाग दिसले तर त्याच रेषेत खाली लाकूड तपासा.

काचांची काळजी करू नका. त्या काळच्या काचा सपाट असतात, मापाने कापून मिळतात.

नसलेल्या वस्तूंची यादी

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. निघण्याआधी त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचे फोटो छापून न्या आणि शेजारी धरून एकेक गोष्ट ताडून पाहा. बोनेटवरचं चिन्ह, जाळी, हेडलाइटच्या कड्या आणि काचा, पार्किंग लाइट, बंपर आणि त्यांचे उभे तुकडे, चारही हबकॅप, दरवाजांची आतली-बाहेरची हँडलं, काच वर करायच्या मुठी, मीटर, घड्याळ, स्टिअरिंग चाक आणि मधलं हॉर्नचं बटण, ॲशट्रे, मागच्या सीटचं पाय ठेवायचं दांडकं, जॅक, इंजिन फिरवायचं हँडल.

यात एक धातू ओळखायला शिका. त्या काळात हँडलं, दिव्यांची घरं, बोनेटवरची चिन्हं पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत. हा धातू वयाबरोबर फुगतो, तडकतो, त्यावर फोडांसारखे खड्डे पडतात. पितळेचा भाग घासून पुन्हा क्रोम करता येतो. जस्ताचा भाग घासला तर विरघळल्यासारखा होतो. तो असल्या अवस्थेतही घ्या, कारण निदान साचा करायला नमुना तरी मिळतो.

सीटचं कापड, छताचं कापड, रबर या गोष्टी फाटक्या असल्या तरी चालतात, त्या नव्या होतात. अमेरिकन गाड्यांच्या पोलादी डॅशबोर्डवर लाकडाच्या रेषा रंगवलेल्या असतात, त्याही पुन्हा रंगवता येतात. पण डॅशबोर्डला रेडिओसाठी नवं भोक पाडलेलं असेल तर ते यादीत लिहा.

इंजिन

बंद पडलेल्या इंजिनाला कोणी ढकलून किंवा ओढून सुरू करायला निघालं तर हात जोडून थांबवा. वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन जाम झालेलं असतं. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात पातळ तेल सोडायचं, काही दिवस थांबायचं, मग हँडलने हलकेच फिरतं का बघायचं. जोर लावला तर रिंग तुटते किंवा व्हॉल्व्ह वाकतो.

चालू गाडी असेल तर थंड असताना ऑइल स्टिक काढा. तेल दुधट असेल तर पाणी तेलात जातं आहे. सुरू झाल्यावर वीस मिनिटं चालू द्या आणि गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर बघा. थंड इंजिनाचा काटा सगळ्यांचाच वर असतो. लांब आठ सिलिंडरच्या ब्लॉकमध्ये गंज आणि गाळ मागच्या सिलिंडरांभोवती साचतो, पाणी तिथे फिरत नाही आणि गाडी घाटात तापते. रेडिएटर नवा टाकूनही तापत असेल तर दोष ब्लॉकमध्ये शोधा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आठही सिलिंडरचं मोजा. आकडा किती यापेक्षा आठ आकडे एकमेकांजवळ आहेत का, ते पाहा.

खालून येणारा जड ठोका असेल तर बेअरिंग. ब्युइकच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट धातू ओतून बेअरिंग केलेलं असे. ते पुन्हा ओतून लेथवर बरोबर कातणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. असा मिस्त्री आधी शोधा, मग गाडीचा भाव करा.

वीज बहुधा सहा व्होल्टची. सेल्फ रडत फिरत असेल तर लगेच सेल्फला दोष देऊ नका. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आणि कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावलेली असते. जाड केबल आणि स्वच्छ अर्थ (बॅटरीची बॉडीला केलेली जोडणी), एवढ्यावर कित्येक गाड्या पहिल्या फेरीत सुरू होतात. पॅकार्डमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला अर्थ असतो. सवयीने मायनस जोडला की अमीटर उलटा पळतो. आणि ब्युइकमध्ये सेल्फचं बटण शोधत बसू नका. १९३४ पासून इग्निशन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला की सेल्फ फिरतो.

चालवून बघताना

पहिल्या गिअरला बहुधा सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय) नसतो, गाडी पूर्ण थांबवून मगच टाका. दुसरा-तिसरा खरखरत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. पॅकार्डचा गिअरचा दांडा १९३९ च्या मॉडेलपासून स्टिअरिंगखाली आला; १९३७ ची म्हणून दाखवलेल्या गाडीत तो तिथे असेल तर काहीतरी बदललेलं आहे. पॅकार्डच्या सीनियर गाड्यांना १९३७ पासून हायड्रॉलिक ब्रेक मिळाले, ब्युइकला १९३६ पासून. त्याआधीचे यांत्रिक ब्रेक नीट जुळवलेले असतील तर थांबवतात, पण अंतर ठेवून चालवा. शेवटी गाडी गरम असतानाच बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते ती याच वेळी.

टायरवरही नजर टाका. वन-ट्वेंटीचं ७.०० बाय १६ हे माप छोट्या मालवाहू गाड्यांतही असल्याने पुष्कळदा तेच टायर चढवलेले दिसतात. चालतात, पण गाडी ताठ होते आणि खड्डा कमरेला कळतो.

भाव

यादी समोर ठेवून बोला. माझा हिशेब साधा: खरेदीला जेवढे पैसे लागतील निदान तेवढेच वर ठेवलेले असावेत, आणि लाकूड कुजलं असेल तर त्याहून बरेच जास्त. नसलेल्या प्रत्येक वस्तूसाठी भाव खाली आणा, मोडलेल्या वस्तूसाठी थोडाच. विकणारा घरचा माणूस असेल तर घासाघीस जपून करा. त्याच्या आज्जी त्या गाडीतून सासरी आलेल्या असतात. मी अशा घरांत दोनदा-तीनदा नुसता चहा प्यायला गेलो, आणि माळ्यावरचा हबकॅपचा डबा तिसऱ्या चहाला खाली आला.

सौदा ठरला की खरेदीपत्रात चासी नंबर, इंजिन नंबर आणि बरोबर मिळणाऱ्या सुट्या भागांची पूर्ण यादी लिहून घ्या.

घरी आणताना आणि आणल्यावर

चालवत आणू नका. सपाट ट्रेलरवर आणा, चासीला बांधा, बंपरला नाही. निघण्याआधी गोठा, माळा, अडगळ, विहिरीजवळची खोली, सगळीकडे स्वतः फिरून बघा. मागे राहिलेला भाग पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातो.

घरी आल्यावर पेट्रोलची टाकी उतरवून धुवा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्याने जुनी रबरी नळी आणि गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा फुगतो, फाटतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका. ब्रेकच्या नळ्या आणि रबरं सगळी बदला, चांगली दिसत असली तरी. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहेत. रॅलीत तुमच्याच मॉडेलचा मालक भेटला तर त्याचा मिस्त्री कोण ते विचारा.

काहीही खोलण्याआधी फोटो काढा, आणि खोललेला प्रत्येक नट, स्क्रू, वॉशर वेगळ्या डब्यात टाकून वर नाव लिहा. मी अजूनही पत्र्याचेच डबे वापरतो. साताऱ्याच्या त्या पॅकार्डचे काही डबे माझ्याकडे आले आहेत, आणि ‘डावा पुढचा दरवाजा’ लिहिलेल्या कागदावर मी दुसरा कागद चिकटवलेला नाही.